द्रवाच्या आकारमानावरून मोल कसे काढावेत?

प्रश्न (अकरावी विज्ञान, बडोदे)
वायूचे आकारमान लिटरमध्ये दिले असेल, तर २२.४ ने भागून मोल (म्हणजे ठरावीक संख्येच्या रेणूंचे गट) मिळतात. मग २५ मिलिलिटर इथेनॉलमधील मोल काढताना तोच भाजक का चालत नाही, आणि त्याऐवजी काय करावे, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक)
२२.४ लिटर हा आकडा फक्त वायूंचा, आणि तोही ० अंश सेल्सिअस तापमान व १ वातावरण दाब असतानाचा आहे. वायूत रेणू एकमेकांपासून इतके दूर असतात की रेणू कोणता आहे याने आकारमानात फारसा फरक पडत नाही. द्रवात मात्र ते एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे प्रत्येक द्रवाच्या एका मोलला लागणारी जागा निराळी असते. पाण्याचा एक मोल सुमारे १८ मिलिलिटरमध्ये मावतो, तर इथेनॉलच्या एका मोलला सुमारे ५८ मिलिलिटर लागतात. म्हणून आधी घनतेने गुणून वस्तुमान काढावे आणि मग त्याला मोलर वस्तुमानाने, म्हणजे एका मोलच्या ग्रॅममधील वस्तुमानाने, भागावे. २० अंशांना इथेनॉलची घनता ०.७८९ ग्रॅम प्रति मिलिलिटर असते; २५ मिलिलिटरचे १९.७ ग्रॅम झाले, त्यांना इथेनॉलच्या मोलर वस्तुमानाने, म्हणजे ४६.०७ ने भागले की ०.४२८ मोल. प्रत्येक पायरीवर एकके लिहाच. गुणायचे की भागायचे, हे तीच सांगतात.

उत्तर (नंदेसरीतील एका कारखान्यात केमिस्ट)
सरांची रीत शुद्ध द्रवासाठी आहे. बाटलीत द्रावण असेल, तर लेबलवरील टक्केवारीही हिशेबात घ्यावी लागते. संहत सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीवर ९८ टक्के आणि घनता १.८४ असे लिहिलेले असते. त्यातील १० मिलिलिटरचे वस्तुमान १८.४ ग्रॅम भरते, पण त्यात आम्ल १८.० ग्रॅमच, म्हणजे ०.१८४ मोल. येथे टक्केवारी राहून गेली तरी फरक थोडा पडतो. हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र ३७ टक्केच असते, तेथे उत्तर अडीच पटींहून अधिक फुगते. मोलॅरिटी (एक लिटर द्रावणातील मोल) दिलेली असेल, तर घनता लागतच नाही: ०.१ मोलर द्रावणाच्या २५० मिलिलिटरमध्ये, म्हणजे ०.२५० लिटरमध्ये, ०.०२५ मोल असतात.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. बडोद्याच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत ४० अंश तापमान असेल, तरीही ०.७८९ हीच घनता घ्यावी का?

उत्तर (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक)
चांगली शंका आहे. ४० अंशांना इथेनॉलची घनता सुमारे ०.७७२ होते आणि त्याच २५ मिलिलिटरमध्ये ०.४१९ मोलच राहतात, म्हणजे जवळजवळ दोन टक्के कमी. परीक्षेत दिलेली घनता वापरावी. प्रत्यक्ष प्रयोगात मात्र द्रव मोजपात्राने मोजण्याऐवजी सरळ तराजूवर तोलावा, कारण तापमानाने आकारमान बदलते, वस्तुमान बदलत नाही.