शेतातल्या खोलीसाठी हेम्पक्रीट चालेल का?

शेतघर: वेल्ह्याजवळ शेतावर दहा बाय बारा फुटांची अवजारांची खोली बांधायची आहे. हेम्पक्रीटच्या, म्हणजे भांगेचं खोड आणि चुना कालवून केलेल्या भिंतींवर थेट पत्रे टाकले तर पेलतील का? आणि आमच्याकडचा पाऊस?

चुनाभट्टी: भिंतीवर काही टेकवू नका. नाव काँक्रीटसारखं असलं तरी तो नुसता भराव. आधी लाकडी सांगाडा आणि छप्पर. मग फळ्या बांधून भांगेच्या खोडातल्या गाभ्याचे तुकडे, चुना, पाणी कालवून थराथराने भरा. हलक्या हाताने. धुमसलंत तर आतली हवा जाते, आणि उष्णता अडवते ती हवाच. जोतं दगडी, दीड-दोन फूट. पाखी लांब काढा. गिलावा चुन्याचाच, सिमेंटवाला गवंडी आला तर चहा पाजून परत पाठवा. काम दिवाळीनंतर काढा, भिंती वाळायला आठवडे जातात.

शेतघर: भांगेची लागवड इथेच केली तर?

चुनाभट्टी: परवान्याशिवाय नको, अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा आहे. उत्तराखंडात औद्योगिक लागवडीला परवाने देतात. यमकेश्वरला असं घरही उभं आहे. पण तिथून माल आणायचा म्हणजे ट्रकभाड्यातच खिसा रिकामा.

लेणीवेडी: वेरूळच्या बौद्ध लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांग सापडली आहे, अजिंठ्यात नाही. २०१६ मध्ये संशोधन छापून आलं होतं.

चुनाभट्टी: खरंय, पण तो गिलावा झाला, भिंत नव्हे. शेतघर, फावडी-कुदळींना कुडाची भिंत पुरे. राहती खोली काढाल तेव्हा हेम्पक्रीटचं बोलू.