फुलं गेल्यावर पाणी तोडू नका

शरदात फुलणाऱ्या क्रोकसला (कंदापासून येणारं फुलझाड, केशरही त्यातलंच) पाणी कधी द्यायचं, यावर इथे चर्चा चाललीय. उन्हाळ्यात पाणी बंद, हे वर दोघा-तिघांनी लिहिलंय आणि ते बरोबरच आहे. पण 'फुलं संपली की पाणी तोडा' हा सल्ला मात्र पटला नाही. या क्रोकसचं खरं काम फुलं गेल्यावरच सुरू होतं. जुना कंद दरवर्षी खर्ची पडतो आणि त्याच्या डोक्यावर नवा तयार होतो. तो भरतो पानांच्या जिवावर. क्रोकस स्पेसिओसस या जातीची तर पानंच फुलांनंतर येतात. म्हणजे हिवाळाभर माती हलकी ओलसर हवी (चिखल नव्हे), आणि वसंतात पानं हिरवी आहेत तोवर ती सुकू द्यायची नाही. पानं आपसूक पिवळी पडली की मगच हात आखडता घ्यायचा.

उन्हाळ्याबद्दल एक भर: केशराच्या कंदात पुढच्या फुलांची कळी याच झोपेच्या काळात, साधारण २३ ते २७ अंश सेल्सियसला, आतल्या आत घडते. तेव्हा काहीच हालचाल दिसत नाही म्हणून पाणी घालायला जाऊ नका, कंद कुजेल. कुंडी असेल तर पाऊस लागणार नाही अशी सरकवा. स्पेसिओसस थोडी ओल चालवून घेतो, केशर नाही. उन्हाळा सरताना एकदा भरपूर पाणी, मग अंकुर दिसेपर्यंत बेतानंच.