नाट्यगृहात स्वयंसेवक म्हणून जावं का? काम नक्की काय असतं?

संध्याकाळ_मोकळी

घराजवळच्या नाट्यगृहाने 'स्वयंसेवक हवेत' अशी पाटी लावली आहे. महिन्याला चार प्रयोग, प्रत्येक वेळी साधारण साडेतीन तास. मी ५६ वर्षांची, हिशेबाच्या कामातून नुकतीच निवृत्त झाले. नाटक, गाणं, नाच सगळं आवडतं, पण स्टेजवर कधी पाऊल ठेवलेलं नाही आणि ठेवायचंही नाही. आई गेल्यापासून संध्याकाळी घर खायला उठतं, हे खरं कारण.

तिथे नेमकं काय करायला सांगतात? माझा डावा गुडघा दुखतो, इतका वेळ उभं राहणं जमेल का? अनोळखी माणसाला 'तुम्ही चुकीच्या खुर्चीवर बसलात' असं सांगायची मला फार भीड वाटते. आणि प्रयोग बघायला मिळतो का? प्रश्न स्वार्थी वाटेल, पण मनात आहे म्हणून विचारते.

डावं_दार

ताई, नऊ वर्षं मी हेच करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रयोग दिसतो, पण तुकड्यातुकड्यांनी. एका नाटकाचा पहिला अंक मी अकरा वेळा ऐकला आणि शेवट एकदाही पाहिला नाही, कारण शेवटची पाच मिनिटं मी बाहेरची दारं उघडत असायचे. आपलं लक्ष रंगमंचाकडे नसतं, लोकांकडे असतं. कोणाला खोकल्याची उबळ आली, कोण घाबरंघुबरं होऊन उठलं, कोणाचं मूल आता रडणार आहे, ते बघायचं. सहा महिन्यांत मानांच्या हालचालीवरून कळायला लागतं. आणि भरलेलं सभागृह एकदम चिडीचूप होतं ना, ते दाराशी उभं राहून ऐकण्यासारखं आहे. मला आजही अंगावर काटा येतो.

गुडघ्याचं पहिल्याच दिवशी सांगा. तिकीट तपासणं, कार्यक्रमपत्रिका देणं ही कामं बसून होतात. प्रयोग चालू झाला की दाराजवळ स्टूल मिळतं. लपवून मात्र उभ्या राहू नका, अंधारात पायऱ्या उतरायची वेळ येतेच.

भीड जाईल. 'तुम्ही चुकलात' हे वाक्य मुळात लागत नाही. 'तिकीट दाखवता का, मी रांग बघून देते' म्हटलं की माणूस आपणहून उठतो.

बॅटरी कशी धरायची ते कोणी शिकवलं नाही तर विचारून घ्या. उजेड आपल्या पुढ्यात पाडायचा नाही, मागून येणाऱ्याच्या पावलांपुढे पाडायचा. म्हणजे हात पाठीमागे, काचेवर दोन बोटं, उजेड जमिनीवर. बाहेरच्या लखलखाटातून आलेल्या डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला जवळजवळ अर्धा तास लागतो. आपण आतच असतो, आपल्याला सगळं दिसत असतं, म्हणून आपण भराभर चालतो आणि मागचे आजोबा पायरी चुकतात. त्यांना आधी दाराशी जरा थांबवायचं, मग हळू न्यायचं.

पहिल्या वर्षी माझ्या हातून चूक झाली. उशिरा आलेलं एक जोडपं फार अजिजी करत होतं, म्हणून मी दार उघडलं. आत अगदी हळवा प्रवेश चालू होता. बाहेरच्या दिव्याची लांबच लांब पट्टी थेट रंगमंचावर पडली आणि बोलता बोलता नटी थांबली. फार तर दोन सेकंद. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून आत कधी सोडायचं ते मी आधीच विचारून ठेवते, बहुतेक वेळा टाळ्यांत नाहीतर प्रवेश बदलताना, आणि बाहेर थांबलेल्यांना किती मिनिटं लागतील तेही सांगते. मिनिटं कळली की लोक शांत राहतात.

पण हे सगळं दुय्यम. तुम्ही तिथे खरं तर दारांसाठी असता. ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला दुपारच्या खेळात आग लागली आणि ६०० हून जास्त माणसं गेली, त्यात मुलं खूप. थिएटर उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि जाहिरातीत ते आगीला दाद न देणारं म्हणून मिरवलं होतं. काही दारं कुलूपबंद, काही पडद्यांआड झाकलेली, काहींच्या कड्या लोकांना उघडताच आल्या नाहीत. आगीच्या वेळी काय करायचं याचा सराव तिथल्या माणसांकडून कधी करून घेतलाच नव्हता. त्या खेळाला जाणार असलेला कार्ल प्रिन्झलर नावाचा कुलूप-कड्यांचा विक्रेता ऐनवेळी जाऊ शकला नाही. आज आपण ज्या दारांचा आडवा दांडा ढकलून बाहेर पडतो, तो दांडा पुढे त्याच्या खटपटीतून बाजारात आला. मी प्रत्येक पाळीला प्रेक्षक आत सोडण्याआधी आपल्या दाराचा दांडा ढकलून बघते. एकही प्रयोग चुकवलेला नाही.

काळे_कपडे

मी विंगेत असतो, तिकडचंही थोडं सांगतो. बोलायची भीड असेल तर मागचं काम बघा. कपडे काळे, बूट आवाज न करणारे. निळे मंद दिवे आणि जमिनीवर चमकणाऱ्या पट्टीचे तुकडे, एवढ्यावरच सगळं चालतं. ज्या वस्तूला हात लावायला सांगितलेलं नाही तिला लावायचा नाही, कारण नटाने डोळे मिटूनही हात घातला तर कप तिथेच सापडला पाहिजे.

मात्र एक गोष्ट जरूर विचारा. आधी पगारी माणूस होता आणि त्याला काढून तुम्हाला बोलावताहेत का? तसं असेल तर जाऊ नका. दिवे, दोर, वजनं ही शिकलेल्या माणसाची पगारी कामं आहेत, ती फुकट कोणी करू नयेत.

डावं_दार

पूर्ण सहमत. आमच्याकडे दारांवरचा प्रमुख पगारी आहे, आम्ही त्याच्या हाताखाली. कोणाच्या हाताखाली काम करायचं आहे, हे ताईंनी आधी विचारून घ्यावं.

पाचवी_रांग

मी प्रेक्षक म्हणून लिहितो. चाकाच्या खुर्चीवर असतो आणि कानाला यंत्र आहे. माझ्या खुर्चीला न विचारता कोणी हात लावला की माझा जीव वरखाली होतो. एकदा एका मुलीने समोर येऊन, वाकून 'कुठल्या बाजूने सोयीचं पडेल?' एवढंच विचारलं. नाटक विसरलो, ती मुलगी लक्षात आहे.

आणखी एक. काही सभागृहांत जमिनीखाली तारेचं वेटोळं असतं. श्रवणयंत्रात 'टी'ची सोय असली आणि ते त्यावर ठेवलं की रंगमंचावरचा आवाज थेट कानात येतो, आजूबाजूचा कलकलाट येत नाही. पण ते कोणत्या रांगांत नीट लागतं, हे दारावरच्या माणसाला माहीतच नसतं. तुमच्याकडे असलं तर तेवढं शिकून घ्या. आम्हाला दर वेळी विचारत फिरावं लागतं.

संध्याकाळ_मोकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी पहिली पाळी झाली. गुडघ्याचं सांगितलं, पत्रिकांच्या टेबलाशी बसवलं. कोणाच्या हाताखाली हेही विचारलं, एक पगारी बाई आहेत, फार नीट समजावतात. वेटोळं आहे, मधल्या सहा रांगांत.

लोक यायच्या आधी एकटीच फिरून दारं मोजली. पाच. मागच्या उजव्या दारासमोर जादा खुर्च्यांची चळत लावलेली होती. बाईंना बोलावून दाखवली. घंटा व्हायच्या आत दोघींनी मिळून ती हलवली.