भेंडीची खालची पानं पिवळी: मॅग्नेशियम किती फवारायचं?

प्रश्न: गोव्यातला सांगे तालुका, जांभ्याची तांबडी माती, सामू (pH) 5.4, म्हणजे आम्लधर्मी. वायंगणी (पावसाळ्यानंतरच्या हंगामातली) भेंडी, 40 दिवसांची. खालच्या पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, शेंडा ठीक. शेणखत दिलंय, म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशचं खत) दोनदा. 15 लिटरच्या पंपाला मॅग्नेशियम सल्फेट किती? त्यातच कॅल्शियम नायट्रेट आणि झिंक चालेल?

उत्तर 1: जुनीच पानं आणि शिरा हिरव्या, म्हणजे मॅग्नेशियम कमी. हळद्या (पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणूरोग) असता तर शिराच पिवळ्या पडल्या असत्या आणि नवी पानंही सुटली नसती. त्यावर कुठलंही खत फवारून उपयोग नाही, रोप उपटायचं आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करायचा.

हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मधोमध मॅग्नेशियम असतं. पण नुकसान पिवळेपणाच्या आधीच सुरू होतं. पानात तयार झालेली साखर फळाकडे जायलाही मॅग्नेशियम लागतं. साखर पानातच तुंबली की प्रकाशसंश्लेषण मंदावतं. पहिल्या फवारणीला पंपाला 75 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. चार-पाच झाडांवर मारून दोन दिवस बघा, मग सगळीकडे. पानं भाजली नाहीत तर 10-12 दिवसांनी 150 ग्रॅम, त्याहून जास्त नको.

उत्तर 2: कॅल्शियम नायट्रेट त्या टाकीत अजिबात नको. सल्फेटशी जिप्सम बनतं, तळाशी बसतं, नोझल तुंबतं. द्यायचंच तर वेगळ्या दिवशी. झिंक कशाला? त्याची कमतरता नव्या, बारीक राहिलेल्या पानांवर दिसते आणि तुमचा शेंडा ठीक आहे.

उत्तर 3: वेळ सांभाळा. भर उन्हात थेंबातलं पाणी उडतं, क्षार घट्ट होतो आणि पानाच्या कडा करपतात. करपलेला भाग अन्न बनवत नाही, म्हणजे फवारून उलट तोटा. चारनंतर मारा, पानाच्या खालूनही, थोडं स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारं) घालून. खाजनाजवळच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीजवळच्या) विहिरीचं मचूळ पाणी वापरू नका.

प्रश्नकर्ता: पोटॅश चालू ठेवू?

उत्तर 1: सध्या थांबवा. मुळांपाशी पोटॅश मॅग्नेशियमला आत येऊ देत नाही. निम्मं दुखणं बहुधा तिथलंच. शिवाय त्या 150 ग्रॅममध्ये निव्वळ मॅग्नेशियम जेमतेम 15 ग्रॅम, त्यावर पीक तगतं एवढंच. पुढच्या लागवडीआधी दोन-तीन आठवडे डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडीचा दगड, दळलेला) मातीत मिसळा, प्रमाण माती तपासून ठरवा. आणि तपकिरी झालेली पानं पुन्हा हिरवी व्हायची नाहीत. गुण आला की नाही ते त्यांच्या वरच्या पानांवर बघा.