मदत हवी आहे: बुलेटचा टायर घरी चढवावा की दुकानात?

मंडळी, मी देवगडचा. क्लासिक ३५० चा मागचा टायर बदलायचाय, स्पोकचं चाक, आत ट्यूब. इथले पंक्चरवाले टायर चढवून देतात, पण बॅलन्सिंगसाठी (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करण्यासाठी) मला घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं. शिवाय खाऱ्या हवेनं रिमच्या आत, स्पोकच्या निपलांभोवती (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांभोवती) गंज धरलाय. तो निवांत घासायचाय, दुकानात एवढा वेळ कोण देणार? म्हणून घरीच करावं म्हणतोय.

चाक आसावर मोकळं सोडलं की जड बाजू खाली येऊन थांबते, वजन बरोबर समोर वर लावायचं, एवढं ठाऊक आहे. पण चिकटवायची वजनं इथल्या हवेत टिकतात का, की स्पोकवर बसणारी घेऊ? आणि टायर चढवायच्या लोखंडी पट्टीखाली, म्हणजे लिव्हरखाली, ट्यूब चिमटू नये म्हणून तुम्ही काय करता? पाऊस लागायच्या आत उरकायचंय, अनुभवी लोकांनी कृपया सांगा.