पाळणा लांबवायचा आहे. अर्धशिशी असताना गर्भनिरोधक गोळ्या चालतील का?

प्रश्न

माझे वय ३१ असून मुलगी सव्वा वर्षाची आहे. दुसरे मूल दोन-अडीच वर्षांनी व्हावे, असे आम्हा दोघांना वाटते. आशाताईंनी 'माला-एन'चे पाकीट दिले आहे, परंतु ते मी अजून उघडलेले नाही, कारण गोळ्यांनी पुढे दिवस राहत नाहीत असे सासूबाई म्हणतात आणि कर्करोग होतो असेही कानावर येते. या गोळ्या शरीरात नेमके काय करतात? मला रक्तदाब किंवा मधुमेह नाही. अधूनमधून अर्धशिशी उठते आणि तिच्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. बाकी प्रकृती उत्तम आहे.

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ)

तुम्ही जाता जाता लिहिलेली अर्धशिशीची गोष्टच सर्वांत महत्त्वाची आहे. डोके दुखण्यापूर्वी दिसणाऱ्या अशा रेषांना 'ऑरा' म्हणतात. ऑरा असलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या घेतल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार तिने त्या घेऊच नयेत. माला-एनमध्ये लेव्होनॉरजेस्ट्रेलसोबत इस्ट्रोजेन आहे. तेव्हा ते पाकीट कृपया सुरू करू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. मेंदूतील पीयूषिका ग्रंथीकडून येणाऱ्या संप्रेरकांच्या इशाऱ्यावर अंडाशयातून दरमहा बीज बाहेर पडते. गोळीतील संप्रेरके रोज मिळत राहिली की तो इशाराच दिला जात नाही. शिवाय गर्भाशयमुखातील स्राव घट्ट होऊन शुक्रजंतूंची वाट अडते. पाकिटातल्या २१ गोळ्या संप्रेरकांच्या असतात आणि उरलेल्या ७ लोहाच्या, त्यामुळे त्या आठवड्यात होणारा रक्तस्राव ही नेहमीची पाळी नसते. गोळ्या बंद केल्यावर बहुतेकींच्या बाबतीत काही महिन्यांत बीज पुन्हा सुटू लागते, म्हणून सासूबाईंची भीती निराधार आहे, हे त्यांना आदराने पण नक्की सांगा.

कर्करोगाचे चित्र मात्र दुहेरी आहे. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका गोळ्यांनी कमी होतो आणि हे संरक्षण गोळ्या थांबवल्यावरही बरीच वर्षे टिकते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका गोळ्या चालू असताना किंचित वाढतो आणि नंतर हळूहळू ओसरतो. शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण गोळ्या न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे २, तर या प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ५ ते ७ असते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ते याहून अधिक असते, ही बाब सहसा कोणी सांगत नाही. पाळीत अति रक्तस्राव होऊन अंगातले रक्त कमी झालेल्या अनेकींना याच गोळ्यांनी मोठा आराम पडतो.

तुम्हाला तांबी उत्तम. तिच्यात कोणतेही संप्रेरक नसते. तीन महिन्यांनी एकदा घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शनही तपासणीनंतर चालू शकेल, कारण त्यात इस्ट्रोजेन नाही.

उत्तर (अंतरा घेतलेली वाचक)

मी सरकारी रुग्णालयात अंतरा घेत होते. सुरुवातीला अवेळी डाग दिसत, नंतर पाळी जवळजवळ थांबली. नर्सताईंनी हे आधीच समजावल्यामुळे मी घाबरले नाही. सुई टोचलेली जागा चोळायची नाही आणि शेकायची नाही, असेही त्यांनी बजावले होते. मात्र इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला वर्षभर वाट पाहावी लागली, हे लक्षात घेऊन बेत आखा.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. मी तांबीविषयी विचारणार आहे. हे पाकीट जाऊबाईंना दिले तर चालेल का? त्यांना अर्धशिशी नाही. फक्त क्षयरोगाची औषधे चालू आहेत.

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ)

कृपया देऊ नका. क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन या औषधामुळे यकृत गोळीतील संप्रेरकांचा निचरा फार लवकर करते आणि रोज न चुकता गोळी घेऊनही गर्भ राहू शकतो. रिफाम्पिसिनमुळे अंतराचा परिणाम कमी होत नाही, तांबीचाही नाही. परंतु क्षयरोग ओटीपोटातील अवयवांचा असेल तर तांबी बसवता येत नाही, म्हणून जाऊबाईंनी आपल्या औषधांचे कार्ड घेऊन डॉक्टरांना भेटावे आणि तोवर निरोध वापरावा. पाकीट आशाताईंना परत करा आणि त्यांना ऑराविषयीही सांगा, म्हणजे पुढच्या घरी पाकीट देण्यापूर्वी त्या हा प्रश्न विचारतील.