संग्रहालय-नौकेवर मुलांचा एक रात्र मुक्काम: आधी काय विचारून घ्यावं?

पाटीदप्तर:
११ ते १४ वयाची ४२ मुलं (२५ मुलगे, १७ मुली), सोबत तीन पुरुष आणि तीन बायका. निवृत्त युद्धनौकेवर एक रात्र राहायचं आहे. जेवण आणि कार्यक्रम नौकेवरचीच मंडळी बघणार. त्यांनी ‘जागा आहे’ एवढंच कळवलंय. पैसे भरायच्या आधी काय विचारू? आणि बोट लागू नये म्हणून गोळ्या घ्यायच्या का?

खालचा डेक:
गोळ्या विसरा. धक्क्याला बांधलेली एवढी मोठी नौका जाणवेल इतकी डुलत नाही. जपानमधल्या योकोसुकाची संग्रहालय-नौका ‘मिकासा’ तर काँक्रीटमध्येच बसवली आहे, ती काय डुलणार!

‘जागा आहे’ म्हणजे एकूण बंक (झोपायच्या अरुंद खाटा) आहेत. तुम्हाला हवा तो आकडा वेगळा: एका कंपार्टमेंटमध्ये, म्हणजे नौकेतल्या एका खोलीत, बंक किती? पुरुष आणि मुलगे मिळून तुमचे २८ होतात, बायका-मुली २०. कंपार्टमेंट ३० बंकांचं असेल तर सुटलात. २४ चं निघालं तर चौघं शेजारी जाणार. दर कंपार्टमेंटला दोन मोठी माणसं धरली की चार पुरुष लागतात, तुमच्याकडे तीन. वर त्या उरलेल्या बंकांवर परका गट झोपवणार का, हेही विचारा. उत्तर लेखी घ्या.

बंक एकावर एक तीन किंवा चार असतात. मधली उंची जेमतेम अर्धा मीटर, उठून बसता येत नाही. झोपेत लोळणारी, चालणारी, अंथरूण ओलं करणारी मुलं सगळ्यात खाली आणि दाराजवळ. ही यादी पालकांकडून आधीच गुपचूप मागवा, नौकेवर सगळ्यांसमोर विचारू नका. बंक साखळ्यांवर टांगलेले असतील तर साखळीच्या हुकाला कोणी हात लावायचा नाही.

दोन्ही हात मोकळे:
झोपेपेक्षा शिड्या जास्त त्रास देतात. त्यांना जिने म्हणू नका, मुलं जिन्यासारखी धावत उतरतात. उतरताना तोंड शिडीकडे, दोन्ही हात कठड्यावर, एका वेळी एकच जण. म्हणून सामान पाठीवरच्या मऊ पिशवीत. चाकांची बॅग आणली की एक हात अडकलाच, आणि ती बंकाखालच्या फटीतही शिरत नाही. भरती-ओहोटीच्या पाण्यात नौका उभी असेल तर ओहोटीला चढण्या-उतरण्याच्या फळीचा उतारही बदलतो.

दारांना वीतभर उंच उंबरा असतो आणि वरची चौकट ठेंगणी. पाय उचलला की डोकं आपसूक वर जातं आणि आपटतं, म्हणून ‘पाय वर, डोकं खाली’ हे तोंडपाठ करून घ्या. बंद बूटच हवेत, रात्री शौचालयाला जातानासुद्धा.

अमेरिकन नौदलात धावपळीच्या वेळी उजव्या बाजूने वर आणि पुढे, डाव्या बाजूने खाली आणि मागे जातात (उजवं-डावं नौकेच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून). शिड्या दुहेरी असतील तर हाच नियम मुलांना द्या, कोंडी होत नाही.

फ्रेम १०८:
मोजणीबद्दल कोणीच बोललं नाही. पोलादी भिंतींमुळे दोन डेक (मजले) खाली मोबाईलला रेंज मिळत नाही, वॉकीटॉकीवरही भरवसा नको. ‘फोन करतो’ ही योजनाच नव्हे. शिडीच्या वर एक माणूस, खाली एक, दोघांनी मोजायचं आणि आकडे जुळल्याशिवाय हलायचं नाही.

नौका अमेरिकन असेल आणि तिच्यावर कंपार्टमेंटच्या क्रमांकांची १९४९ पासूनची पद्धत असेल तर ती मुलांना शिकवा. भिंतीवर २-१०८-१-एल असं लिहिलेलं असतं: दुसरा डेक, १०८ वी फ्रेम (नौकेच्या सांगाड्याची आडवी बरगडी), मध्यरेषेच्या उजवीकडचं पहिलं कंपार्टमेंट, एल म्हणजे राहण्याची जागा. विषम आकडा उजवीकडे, सम डावीकडे. फ्रेमचे आकडे पुढच्या टोकापासून मागे वाढत जातात, त्यामुळे चुकलेलं मूल आकडे बघतच परत येतं. प्रत्येकाच्या मनगटावर आपल्या कंपार्टमेंटचा क्रमांक लिहा.

पाटीदप्तर:
अंधारासाठी प्रत्येकाला टॉर्च द्यावा का?

खालचा डेक:
नको. ४२ टॉर्च म्हणजे रात्रभर छतावर खेळ. मोठ्यांकडे पुरेत.

फ्रेम १०८:
असहमत. वीज गेली तर मूल शिडी कशी शोधणार? लाल काच किंवा लाल कागद लावून द्या. लाल उजेडाने अंधाराला सरावलेली नजर फारशी बिघडत नाही आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांवरही येत नाही.

दोन्ही हात मोकळे:
त्याआधी हे विचारा: चालू शौचालय बंकापासून किती शिड्या लांब आहे? नौकेवरची जुनी शौचालयं बऱ्याचदा नुसती दाखवायला असतात. मध्ये एक जरी शिडी असली तरी रात्री एक मोठा माणूस पाळीने तिच्या तोंडाशी जागा हवा. सहा जणांत दोन-दोन तासांच्या पाळ्या आरामात बसतात. आणि पोलादी भिंतीला चिकटून झोपू देऊ नका, थंडीत तिला पाणी सुटतं आणि पहाटे पांघरूण भिजलेलं असतं.